टोनआर्म जुळवून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

पुण्यात घरी येऊन टर्नटेबल (एलपी वाजवण्याचे यंत्र) जुळवून देणाऱ्या एका तंत्रज्ञाने ‘संपूर्ण सेटिंग’ आणि नवी सुई यांचे मिळून माझ्याकडून 9,500 रुपये घेतले आणि प्रत्यक्षात टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांडीची) जुळणी बिघडवून, चांगली सुई काढून नेऊन तिच्या जागी नकली सुई बसवली. ज्यांच्या घरी जुन्या एलपी आहेत त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये, म्हणून सर्व तपशील येथे देत आहे.

माझे टर्नटेबल टेक्निक्स एसएल-1200 मार्क 2 आणि कार्ट्रिज (टोनआर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) शुअर एम97एक्सई आहे. शुअरने 2018 मध्ये कार्ट्रिज आणि सुयांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केल्यापासून अस्सल सुया दुर्मीळ झाल्या असून बाजारात त्यांच्या नकला सर्रास विकल्या जातात. भिंगातून क्षणभर पाहून त्याने हिरा झिजल्याचे सांगितले आणि ‘ही आता टाकूनच द्यायची’ असे म्हणत जुनी सुई स्वतःच्या पेटीत ठेवली.

मग त्याने टोनआर्मच्या उंचीचे कडे फिरवले आणि मला ऐकायला सांगितले. तार सप्तक खरोखरच उजळले होते. पण त्याचे कारण तो गेल्यावर सापडले, ते म्हणजे अँप्लिफायरवरील ट्रेबलचे बटण बरेच पुढे फिरवलेले होते. या टोनआर्मची परिणामी लांबी (दांडीच्या बिजागरीपासून सुईच्या टोकापर्यंतचे अंतर) 230 मिलिमीटर आहे, त्यामुळे मागची बाजू एक मिलिमीटर उचलली तर सुईचा कोन जेमतेम पाव अंशाने बदलतो, आणि एवढ्याशा बदलाने आवाजाचा सारा पोत पालटणे शक्य नाही. सुई खोबणीत असताना टोनआर्म तबकडीला समांतर राहावा, हा उंची जुळवण्यामागचा पहिला हेतू असतो. त्याने तर तो मागून स्पष्ट दिसेल इतका उंच ठेवला होता.

कार्ट्रिजच्या बाबतीत त्याने केलेला प्रकार याहून गंभीर होता. या टर्नटेबलवर सुईचे टोक तबकडीच्या मध्यखिळीच्या 15 मिलिमीटर पुढे जावे लागते, आणि त्यासाठी हेडशेलच्या (कार्ट्रिज ज्यावर आवळतात त्या भागाच्या) रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंतचे अंतर 52 मिलिमीटर ठेवतात. त्याने कोणतेही माप किंवा प्रोट्रॅक्टर (खोबणीशी सुईचा कोन जुळवण्याचे साधन) न वापरता केवळ नजरेने स्क्रू आवळले; मी मोजले तेव्हा ते अंतर 48 मिलिमीटर भरले, शिवाय कार्ट्रिज एका बाजूला वळलेले होते.

हा दोष तबकडीच्या सुरुवातीला फारसा जाणवत नाही, आणि त्याने मला सुरुवातीचा आलापच तेवढा ऐकवला. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खोबणी सरकते, तर लेबलजवळ जेमतेम 21, त्यामुळे तेच स्वर निम्म्याहून कमी लांबीत दाटलेले असतात आणि कोनातील चूक तेथे सर्वांत जास्त ऐकू येते. ख्यालाच्या एलपीवर नेमके द्रुत तेथे येते. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या ताना, ज्यांतील प्रत्येक स्वर पूर्वी वेगळा ऐकू येई, त्या अक्षरशः फाटत होत्या. हे ऐकून मला फार वाईट वाटले.

कार्ट्रिजपुढचा ब्रश वर अडकवून मी सुईचा भार, म्हणजे ती तबकडीवर किती दाबते ते, मोजला, तो 3 ग्रॅम निघाला. या कार्ट्रिजची मर्यादा दीड ग्रॅमची आहे. सुई उडू नये म्हणून भार असा दुप्पट करून ठेवणे म्हणजे जुळणीतील दोष झाकणे, आणि त्याची किंमत खोबण्या मोजतात, कारण एकदा झालेली झीज कशानेही भरून येत नाही.

जुनी सुई मागितल्यावर त्याने ती फेकून दिल्याचे सांगितले आणि नंतर फोन घेणे बंद केले. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, परंतु त्याने दिलेल्या पावतीवर फक्त ‘सर्व्हिस’ असे लिहिलेले असल्यामुळे सुई विकल्याचा कागदोपत्री पुरावाच उरलेला नाही. तेव्हा पावतीवर सुईची कंपनी, मॉडेल, सुईचा भार आणि मोजलेले अंतर लिहून घ्या, टोन कंट्रोल मध्यावर आणून तबकडीची शेवटची पाच मिनिटे त्याच्यासमोरच ऐका, आणि काढलेली सुई, ती झिजलेली असली तरी, आपल्याच ताब्यात ठेवा.