काँटेसाचा स्ट्रोक जळगावात वाढवून घेताना : एका क्रँक ग्राइंडिंग वर्कशॉपचे परीक्षण

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, अजिंठा चौफुलीच्या पुढे, बोअरिंग (सिलिंडर कापून मोठे करणे) आणि क्रँक ग्राइंडिंगचे एक जुने वर्कशॉप आहे. पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरण्यात बदलणारा दंड म्हणजे क्रँक, तो घासून मापात आणणे म्हणजे क्रँक ग्राइंडिंग. तेथे मुख्यतः ट्रॅक्टर आणि मालट्रक यांची इंजिने येतात. मोटारीचे इंजिन आलेच तर ते एखाद्या जीपचे असते. या वर्कशॉपकडून आम्ही हिंदुस्थान काँटेसा क्लासिकच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरमधली पिस्टनची चाल, ८२ मि.मी.वरून ८५ मि.मी. करून घेतला. त्यांचे धातूचे काम चांगले आहे, मोजमाप त्याहून चांगले आहे, आणि कागदोपत्री शिस्त व वेळ या बाबतींत मात्र ग्राहकानेच सावध राहिले पाहिजे.

काँटेसाला आपल्याकडे हौसेने ‘देशी मसल कार’ म्हणतात. व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या सांगाड्यावर हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये बाजारात आणलेल्या या गाडीला सुरुवातीला ॲम्बॅसडरचेच १४८९ सी.सी.चे इंजिन होते आणि एवढे मोठे धूड ओढताना त्याची दमछाक होत असे. पुढे इसुझूचे १८१७ सी.सी.चे इंजिन आले (८४ मि.मी. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८२ मि.मी. स्ट्रोक) आणि गाडीला तिच्या रूपाला शोभेल अशी चाल मिळाली. अमेरिकेतील खऱ्या मसल गाड्यांमध्ये स्ट्रोकर, म्हणजे स्ट्रोक वाढवलेले, इंजिन बांधण्याची रीत जुनी आहे. शेवरलेच्या ३५० घनइंची व्ही-८ ब्लॉकमध्ये त्याच घराण्यातील ४०० घनइंची इंजिनाची क्रँक, तिचे मेन जर्नल (ब्लॉकमध्ये टेकणारे गोल भाग) २.६५ इंचांवरून २.४५ इंचांपर्यंत घासून, बसवायची, स्ट्रोक ३.४८ इंचांचा ३.७५ इंच होतो, बोअर ०.०३० इंच वाढवला की प्रसिद्ध ३८३ घनइंची इंजिन तयार होते. तेथे हे सामान तयार संचाच्या स्वरूपात विकत मिळते. काँटेसासाठी असा संच मिळत नाही. म्हणून आहे तीच क्रँक वेल्डिंगने भरून, पिनचे (कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक, म्हणजे बिग-एंड, जिच्यावर बसते तिचे) केंद्र सरकवून पुन्हा ग्राइंड करणे हाच आमच्यापुढचा मार्ग होता.

वर्कशॉपचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांच्याकडे आमची पहिली मागणी ६ मि.मी.ची होती. त्यांनी ती ऐकून घेतली, ब्लॉक उलटा करून सिलिंडरच्या खालच्या कडेवर बोट ठेवले आणि म्हणाले, “भाऊ, पिस्टनचा स्कर्ट इथून बाहेर डोकावला, की तो दोन्ही बाजूंना आपटेल. मग माझ्याकडे स्लीव्ह टाकायला याल.” (स्कर्ट म्हणजे पिस्टनचा खालचा घेर, स्लीव्ह म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायचे नवे अस्तर.) स्ट्रोक जितका वाढेल त्याच्या निम्म्याने पिस्टन खाली अधिक उतरतो आणि निम्म्याने वर अधिक चढतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तोच ठेवला तर त्याचा कल वाढतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर अधिक जोराने दाबला जातो. ३ मि.मी.च्या पुढे जाण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. वाढीव काम म्हणजे वाढीव बिल, हे ठाऊक असूनही ते नाकारणारा कारागीर मिळणे ही माझ्या दृष्टीने या वर्कशॉपची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

क्रँक प्रथम चुंबकीय चाचणीसाठी नाशिकला पाठवून तिच्यात तडा नसल्याची खात्री करून घेतली, त्यानंतरच वेल्डिंगला हात लागला. चारही बिग-एंड पिनांच्या बाहेरच्या बाजूस धातूचा थर चढवला, तो चढवताना उष्णतेने क्रँक वाकली, आणि ती प्रेसवर सरळ करून व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून तपासण्यात आली. मग ग्राइंडिंग मशीनच्या दोन्ही टोकांचे चक ४१ मि.मी.ऐवजी ४२.५ मि.मी. सरकवून पिना मूळ व्यासावर आणल्या, त्यामुळे बेअरिंग नेहमीचेच चालले. या कामात दोन ठिकाणी बहुतेक वर्कशॉप घाई करतात. पहिले ठिकाण म्हणजे पिन आणि वेब (पिनला दोन्ही बाजूंनी धरणारा क्रँकचा भाग) यांच्यामधला कोपरा. तेथे गोलाई न ठेवता काटकोन सोडला, तर पुढे तडा नेमका तिथूनच सुरू होतो. नानांनी त्या गोलाईसाठी ग्राइंडिंगच्या चाकाची कडा हिऱ्याने वेगळी घडवून घेतली. दुसरे ठिकाण म्हणजे तेलाचे भोक. वेल्डिंगने ते बुजते, ते पुन्हा पाडावे लागते, आणि त्याच्या तोंडाला उतार दिला नाही तर ती धार बेअरिंगला खरवडते. आमच्या क्रँकची चारही भोके बोटाने चाचपून पाहिली. कुठेही धार लागली नाही. नायट्रायडिंगही (पृष्ठभाग कठीण करण्याची प्रक्रिया) नाशिकलाच झाले आणि त्यानंतर पिनांना फक्त पॉलिश दिले, कारण तो कठीण थर अत्यंत पातळ असतो आणि पुन्हा ग्राइंड केल्यास निघून जातो.

उन्हाळ्यातले मोजमाप हा भाग विशेष नोंदवण्यासारखा आहे. जळगावात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली दुपारी काय अवस्था असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. नाना दुपारी जेवल्यानंतर मायक्रोमीटरला हातच लावत नाहीत. ब्लॉक, पिस्टन आणि मोजण्याची साधने आदल्या संध्याकाळी एकाच टेबलावर ठेवून सकाळी काम सुरू होण्यापूर्वी मापे घेतली जातात. यामागे नुसती सवय नाही. ८४ मि.मी.च्या ओतीव लोखंडी सिलिंडरचे तापमान २० अंशांनी वाढले तर त्याचा व्यास सुमारे ०.०२ मि.मी.ने वाढतो, आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट शतांश मिलिमीटरमध्ये मोजायची असताना सकाळचा ब्लॉक आणि उन्हात तापलेला पिस्टन एकत्र मोजला, तर ते माप म्हणजे निव्वळ अंदाज. बिग-एंड बेअरिंगची फट दीड ते दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०४ ते ०.०५ मि.मी., ठेवायची होती. जुळणी करताना प्लॅस्टिगेजची पट्टी (जितकी चपटी होते त्यावरून फट कळते) दाबून आम्ही ती स्वतः पाहिली आणि चारही ठिकाणी ती त्याच हद्दीत निघाली.

पिस्टनच्या बाबतीत मनस्ताप झाला, पण त्याचा दोष या वर्कशॉपकडे जात नाही. स्ट्रोक ३ मि.मी.ने वाढल्यामुळे पिस्टन १.५ मि.मी. वर येतो, म्हणून गजन पिनचे (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचे) भोक तेवढेच वर घेतलेले, आणि बोअरही अर्ध्या मि.मी.ने वाढवल्यामुळे ८४.५ मि.मी.चे, पिस्टन बाहेरगावच्या एका पुरवठादाराकडून बनवून घेतले. आलेल्या चारांपैकी एक बाकीच्यांपेक्षा ७ ग्रॅम जड होता. पुरवठादाराने फोनवर ‘चालून जाईल’ असे उत्तर दिले. नानांनी चारही पिस्टन काट्यावर ठेवून, जड पिस्टनच्या आतील बाजूचा धातू काढत फरक एका ग्रॅमच्या आत आणला आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. हेडचे चेंबर तसेच ठेवूनही कॉम्प्रेशनचे प्रमाण ८.६ वरून सुमारे ९ झाले, कारण तेवढ्याच जागेत आता अधिक मिश्रण दाबले जाते. नेहमीच्या पंपावरच्या पेट्रोलवर ते आरामात चालते.

आता तक्रारी. वर्कशॉपने एकही माप कागदावर दिले नाही. नाना सगळे खडूने भिंतीवर लिहितात, आणि ती भिंत पुढच्या ट्रॅक्टरसाठी पुसली जाते. आम्ही फोटो काढले म्हणून नोंद राहिली. ब्लॉक परत मिळाला तेव्हा तेलाच्या मुख्य मार्गातील प्लग काढलेले नव्हते आणि आत होनिंगची (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करण्याची) काजळी होती. एवढे सूक्ष्म काम करणाऱ्या ठिकाणी धुलाईला दुय्यम मानावे, हे मला समजत नाही. वेळेबद्दल सांगायचे तर खरिपाच्या तोंडावर तिथे मोटार नेऊच नये. “पेरणीआधी ट्रॅक्टर, मग तुमची गाडी,” असे ते तोंडावर सांगतात, आणि या जिल्ह्यात त्यावर वाद घालता येत नाही.

इंजिन आता सुमारे १९०७ सी.सी.चे झाले आहे. वाढ जेमतेम ५ टक्के आहे, त्यामुळे कोणी चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. फरक जाणवतो तो खालच्या फेऱ्यांमध्ये. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पूर्वी जिथे दुसरा गिअर टाकावाच लागे, तिथे चार माणसे आणि सामान घेऊन गाडी तिसऱ्यात चढते. वरच्या फेऱ्यांत तिला पिळण्यात अर्थ नाही. मिनिटाला ५५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटरवरून १५.६ मीटरवर गेला आहे आणि वेल्ड केलेल्या क्रँकवर तो ताण रोज घालणे मला मान्य नाही. लालिंगच्या घाटातही उष्णतेचा काटा मध्यावरच राहिला, मात्र त्यासाठी रेडिएटरचा गाभा आधीच नवा घातला होता.

पिस्टन धरून सर्व खर्च सव्वा लाखाच्या आसपास गेला. सुस्थितीतले जुने इंजिन याहून स्वस्तात मिळू शकते, हे ज्याला फक्त गाडी चालू ठेवायची आहे त्याने लक्षात घ्यावे. कागदपत्रांचा विचारही आधी करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील बदलणारा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला मिळणारी व्हिंटेज नोंदणी मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठीच आहे. पहिल्या काँटेसा २०३४ मध्ये त्या वयाच्या होतील. ज्यांची गाडी अजून अस्सल अवस्थेत आहे त्यांनी तिचे मूळ इंजिन बाजूला जपून ठेवावे आणि असे प्रयोग दुसऱ्या ब्लॉकवर करावेत.

जाणाऱ्यांसाठी एवढेच : ब्लॉकसोबत मेन कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या), त्यांचे बोल्ट आणि चारही कनेक्टिंग रॉड घेऊन जावे, कारण कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळल्याशिवाय नाना क्रँकच्या बैठकांची लाइन मोजत नाहीत आणि रिकामा ब्लॉक आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात. मापे लिहायला वहीही आपलीच न्यावी.