बिडी सोडायची: जिल्ह्याचा दवाखाना बरा की फोन?

बिडी सोडायचं मनाशी पक्कं झालं असेल, तर ती का सोडायची हे मी सांगत बसणार नाही. पहाटेचा खोकला ज्याचा त्याला माहीत असतो. प्रश्न उरतो तो मदत कुठून घ्यायची, एवढाच. सरकारी कार्यक्रमात आपल्यासाठी मुख्य वाटा दोन आहेत: जिल्हा रुग्णालयातलं तंबाखू मुक्ती केंद्र (काही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयातही असतं) आणि 1800-11-2356 हा मोफत क्विटलाइन नंबर, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून सल्ला देणारी सेवा. मी दोन्हीकडून मदत घेतली आहे. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात कापूस-चणा करणाऱ्या माणसाला जे दिसलं ते मांडतो. नागपुरात राहणाऱ्याचा हिशेब वेगळा निघू शकतो.

आधी दवाखान्याचं. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम 2007-08 मध्ये सुरू झाला आणि त्यातूनच ही केंद्रं आली. तिथे समोर माणूस बसतो, हा मोठा फायदा. मी दिवसाला किती ओढतो याचा आकडा तयार ठेवून गेलो होतो, पण समुपदेशक बाईंनी आधी वेगळंच विचारलं. "दादा, झोपेतून उठल्यावर पहिली बिडी किती वेळात पेटते?" अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर निकोटिनची पकड घट्ट, पाच मिनिटांतच पेटत असेल तर फारच घट्ट, असं त्यांनी नीट समजावलं. मग सोडायची तारीख ठरवली. त्या भेटीबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या खेपेची. बिडी सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत कठीण असतात. डोकं जड होतं, घरच्यांवर विनाकारण ओरडणं होतं, पोट साफ होत नाही. नेमक्या त्याच दिवसांत मी सकाळची एसटी धरून जिल्ह्याला गेलो. केस पेपरच्या खिडकीशी रांग, मग ओपीडीची रांग, आणि खोलीपाशी पोचलो तर खुर्ची रिकामी. मॅडम शाळेत कार्यक्रमाला गेल्या होत्या. दोष त्यांचा नव्हे. त्याच माणसाने दवाखान्यात बसायचं, त्यानेच गावोगावच्या शाळांत मुलांना सांगायचं आणि दंडाच्या मोहिमेतही हजर राहायचं, तर दुसरं काय होणार? पण माझा दिवस गेला, वेचणीचा रोज बुडाला आणि परतीची एसटी दुपारची. फाटकाबाहेर पानठेला. तलफ डोक्यात भिनलेली असताना त्या ठेल्यासमोर बसची वाट पाहणं काय असतं, हे ज्याने सोडायचा प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

आणखी एक जाणवलं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे 3.8 टक्के आणि खाणारे 24.4 टक्के निघाले होते. त्यामुळे केंद्रातली बरीचशी रांग खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांची असते आणि बोलणंही तोंडाच्या तपासणीभोवती फिरतं. ते योग्यच आहे, पण नुसती बिडी ओढणारा तिथे थोडा बाजूला पडतो.

आता फोन. ही क्विटलाइन 2016 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली. 2018 मध्ये तिचा विस्तार होऊन मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही केंद्र झालं, त्यामुळे मराठीत बोलता येतं. त्याच वर्षापासून हा नंबर बंडलावर छापला जातो. आपल्याकडे मात्र तो फार कमी लोकांनी वाचला असेल, कारण पानठेल्यावर चार-पाच बिड्या सुट्ट्याच हातावर ठेवतात. राज्यात 2020 पासून सुट्ट्या विक्रीला बंदी आहे, तरीही.

फोनवर प्रश्न जवळपास तेच विचारतात आणि तारीखही तशीच ठरते. फरक पडतो तो त्यानंतर. पुढचा फोन त्यांच्याकडून येतो. मला आला तेव्हा मी वावरात होतो, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. धुऱ्यावर बसून बोललो, मन मोकळं झालं आणि पुन्हा वेचायला लागलो. रोज बुडाला नाही, ठेल्यासमोर उभं राहावं लागलं नाही. कोणीतरी आठवण ठेवून विचारतं आहे, याचा धीर मोठा असतो.

फोनची अडचणही सांगतो. वेळ सकाळी 8 ते रात्री 8, सोमवारी बंद. आपली तलफ मात्र रात्रीची. विजेची लाइन रात्रपाळीत आली की ओलितासाठी वावरात जावं लागतं, रानडुकरांसाठी जागल असतेच, आणि बिडीची सवय बहुतेकांना तिथेच लागलेली असते. हे मी समुपदेशकाला सांगितलं तेव्हा त्यांनी रात्रीचा बेत दिवसाच बसवून दिला. तलफ उठली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा: पाणी प्यायचं, दांडावर एक चक्कर मारायची, तोंडात फुटाणे टाकायचे. शेकोटीला माचिस लागतेच, म्हणून ती सालदाराच्या खिशात ठेवायची आणि आपल्याकडे फक्त बॅटरी. हा बेत मला उपयोगी पडला. सगळ्यांना पडेलच असं म्हणत नाही.

011-22901701 वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर संदेश येतात, तीही एक सरकारी सोय आहे. ज्याला वाचायची सवय आहे त्याने जरूर घ्यावी. मला बोलणारा माणूस हवा होता.

दवाखान्याशिवाय भागत नाही अशा दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे तोंड. बिडीबरोबर खर्राही चालू असेल, तर आरशासमोर उभी तीन बोटं तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील, किंवा तिखट भाजीने तोंडाची आग होत असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, दंतवैद्याला दाखवा. तोंडात काय चाललं आहे ते फोनवरून दिसत नाही. दुसरी म्हणजे औषध. 2 मिलिग्रॅमचं निकोटिन गम तालुक्याच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, पण उठल्याउठल्या बिडी पेटवणाऱ्याने आणि हृदयाचा त्रास असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. केंद्रात साठा असेल तर तिथेही मिळतं. ते खर्र्यासारखं सतत चघळायचं नसतं. हळू चावायचं, तोंडात चरचरलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं. भराभर चावलं की उचकी लागते आणि मळमळतं. त्याआधी पाव तास चहा नको, आणि हे आपल्याकडे फार अवघड जातं.

म्हणून माझा कल असा: छातीचा, तोंडाचा किंवा हृदयाचा त्रास नसेल तर सुरुवात फोनने करावी, आणि जिल्ह्याची खेप तपासणीसाठी किंवा औषधासाठी राखून ठेवावी. ज्याचं गाव दवाखान्याला लागूनच आहे, त्याने आधी केंद्रात गेलं तरी काही बिघडत नाही. फक्त निघण्याआधी समुपदेशक जागेवर आहेत का एवढी खात्री करून घ्यावी. फोन लावताना मंगळवार ते रविवार यातला दिवस पाहा, नेटवर्क मिळेल तिथे उभे राहा, आणि पहिली बिडी उठल्यावर किती वेळात पेटते हे आधीच आठवून ठेवा. तारीख विचारली तर लग्नाच्या पंगतीचा किंवा रात्रीच्या लाइनचा आठवडा टाळून सांगा.