अल्कलाईन पाण्याचं मशीन: घरात मधुमेह आणि हाडांचं दुखणं असेल तर

सासूबाईंना बरीच वर्षं शुगर आहे. त्यात हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये ऑस्टिओपेनिया (घनता कमी झालेली) निघाला, म्हणून दिवाळीत पाणी अल्कलाईन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं करणारं हे मशीन घेतलं. विकायला आलेल्या माणसाने नळाच्या पाण्यात थेंब टाकून ते हिरवं, तर मशीनचं पाणी जांभळं करून दाखवलं. शरीरातलं आम्ल हाडांतलं कॅल्शियम ओढतं, हे पाणी ते थांबवतं, तीन महिन्यांत रिपोर्ट सुधारेल, असं तो म्हणाला.

पाण्याची चव छान आहे. सासूबाई आता पाणी जास्त पितात, पोटही साफ राहतं. साडेनऊ पीएचला (पाणी किती आम्ल की अल्कलाईन ते सांगणारा आकडा) मात्र ते बुळबुळीत लागतं, म्हणून आम्ही साडेआठवरच ठेवतो. सोसायटीत बोअरचं पाणी, त्यामुळे आत पांढरा थर धरतो आणि सायट्रिक ॲसिड फिरवावं लागतं. हे विकताना कुणी सांगत नाही. गोळ्या या पाण्याबरोबर घेऊ नका असं पुस्तिकेतच लिहिलंय, त्यामुळे साध्या पाण्याचा तांब्या वेगळा भरून ठेवते.

हाडांचं म्हणाल तर कंबरदुखी होती तशीच आहे. डेक्सात एवढ्या लवकर फरक दिसतच नाही, म्हणजे तीन महिन्यांचा वायदा तिथेच निकाली. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि किडन्या करतात, आपण कुठलंही पाणी प्यायलो तरी. 2009 च्या एका स्विस अभ्यासात हाडांची झीज दाखवणारे घटक थोडे घटले होते खरे, पण ते बायकार्बोनेटयुक्त खनिज पाणी होतं, पिणाऱ्या तरुण निरोगी बायका होत्या, आणि अभ्यास चार आठवड्यांचा. मधुमेही आजीला तो कसा लावायचा?

डॉक्टरांनी सांगितलं ते जास्त उपयोगाचं. टाइप 2 मधुमेहात स्कॅनवर घनता बरी दिसूनही हाड मोडायचा धोका जास्त असतो, कारण वाढलेली साखर हाडातल्या कोलॅजेनला चिकटून ते ठिसूळ करते. त्यांनी पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी बंद केली (बायकांमध्ये ती फ्रॅक्चरचा धोका वाढवते), डी जीवनसत्त्व कमी होतं ते सुरू केलं आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायला लावली. दांडीला मशीनच्या एका फिल्टरएवढाही खर्च आला नाही.

किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पाणी सुरू करू नका. चवीसाठी घ्यायचं तर घ्या, हाडांसाठी नको. मशीन परत घ्याल का विचारलं, तर कंपनीचा माणूस फिल्टर बदलायची तारीख सांगतो.