दुगारवाडी ट्रेकचे ७९९ आणि नंतरचा "रिफंड"

लिहू की नको करत पंधरा दिवस गेले. नवरा म्हणतो कशाला गावभर हसं करून घेतेस. पण पाऊस अजून आहे, दर रविवारी अर्धं नाशिक धबधब्याला पळतंय आणि ट्रेकच्या नावाखाली गंडवणारी ती माणसं अजून चालूच आहेत, म्हणून लिहितेय.

आधीच सांगते, मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, बारा वर्षं झाली. व्हाउचरला दोन रुपयांचा फरक आला तरी मला झोप लागत नाही. तर अशा बाईला गंडवलं.

भाची आली होती पुण्याहून. तिला इन्स्टावर एक रील दिसली, "दुगारवाडी, हरिहर आणि रांधा फॉल, एका दिवसात, फक्त ७९९", त्यात बस, नाश्त्याला मिसळ, जेवण, लीडर, इन्शुरन्स सगळं आलं. आता नाशिकच्या माणसाने इथेच फोन खाली ठेवायला हवा. दुगारवाडी त्र्यंबकच्या पुढे जव्हार रोडला, सापगावच्या बाजूला. रांधा भंडारदऱ्याला, म्हणजे घोटीवरून पार दुसऱ्या अंगाला. आणि मध्ये हरिहर किल्ला चढायचा, जिथे त्या उभ्या कातळपायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी नुसती लाइन लागलेली असते. हे तिन्ही एका दिवसात करायचं तर हेलिकॉप्टर पाहिजे. मला हे तेव्हाच खटकलं होतं खरं, पण मनात म्हटलं ऐनवेळी एखादं गाळतील, आपलं काय जातंय.

फोटोचं तर विचारूच नका. "दुगारवाडी" म्हणून जो टाकला होता तो भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल होता, धरणातून पाणी सोडलं की गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं ना, तोच. ऑफिसमधल्या एका सरांनी नंतर बघून एका सेकंदात ओळखला. मी दोनदा भंडारदऱ्याला जाऊन आलेय, मला नाही कळलं.

फोन केला तर मुलगा एकदम गोड बोलणारा. ताई टेन्शनच घेऊ नका, लेडीज भरपूर आहेत. मी मुद्दाम ओढ्याचं विचारलं, कारण दुगारवाडीला जाताना ओढा ओलांडावा लागतो आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे अचानक पाणी वाढून बरेच पर्यटक पलीकडे अडकले होते. तर म्हणे रोप असतो, दोन लीडर पाण्यात उभे राहतात, पाऊस वाढला तर आम्ही उतरूच देत नाही. जिवाचं सगळं खोदून खोदून विचारलं मी, पैशाचं एक अक्षर विचारलं नाही.

पाच जणांचे ३,९९५ आधीच भरायचे होते. स्कॅन केलं तर ग्रुपचं नाव नाही, कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं नाव आलं. "ते आमच्या पार्टनरचं खातं आहे ताई." बरं. भरले. लगेच व्हॉट्सअॅप ग्रुपला अॅड केलं, दीडशेच्या वर माणसं, पण मेसेज फक्त अॅडमिनला टाकता येणार. पिकअपची लिस्ट पण आली, एबीबी सर्कल सव्वासहा, पपया नर्सरी सहा पंचवीस, सगळं कसं अगदी व्यवस्थित.

आणि तारीख कोणती, तर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आदला रविवार! त्र्यंबकला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी, म्हणजे प्रदक्षिणा, असते तेव्हा. लाखो लोक येतात, रविवारपासूनच त्र्यंबक रोडला बंदोबस्त, खासगी गाड्या अलीकडेच अडवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं, हे इथल्या शेंबड्या पोराला माहितीये. सासूबाई दरवर्षी फेरीला जायच्या, त्या समोर बसलेल्या असताना मी ही तारीख बुक केली आणि त्यांना विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी रात्री नऊला मेसेज, फेरीमुळे खासगी बसला बंदी, ट्रेक कॅन्सल, सर्वांना फुल रिफंड. खरी मेख इथे आहे. बंदीचं खरं होतं! त्यामुळे कोणालाच संशय आला नाही, उलट मी नवऱ्याला म्हटलं की बघ, माणसं प्रामाणिक आहेत, न मागता पैसे परत देतायत. त्यांनी तारीखच अशी निवडली होती की ट्रेक होणारच नव्हता, हे डोक्यात यायला मला दुसरा दिवस उजाडला.

मग फोन आला. क्यूआर पाठवलाय ताई, स्कॅन करून पिन टाका, रिफंड अप्रूव्ह होईल. स्क्रीनवर स्वच्छ "पे" लिहिलेलं होतं, मी तसं बोलले पण, तर म्हणे आमच्या अॅपला असंच दिसतं. एकीकडे कणीक मळलेली, दशम्यांचं काय करायचं हे डोक्यात, तो फोन ठेवू देत नाही. टाकला पिन, ३,९९५ गेले. "अरेरे ताई, रिव्हर्स एंट्री पडली वाटतं, आता दोन्ही मिळून ७,९९० ची एकच एंट्री करू." आणि मी तेही केलं. रिव्हर्स एंट्री म्हटल्यावर माझ्यातली अकाउंटंट खूशच झाली असावी. एकूण १५,९८० गेले, आणि तिसऱ्यांदा पिन मागितला तेव्हा सासूबाई टीव्हीसमोरून ओरडल्या, अगं पैसे घ्यायला कशाला पिन लागतो, भाजीवाला कधी टाकतो का?

बस. तिथे हातपाय गार पडले.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला चाळीस मिनिटं घालवली, निम्मा वेळ रडण्यात आणि निम्मा नवऱ्याशी भांडण्यात. तुमच्यावर वेळ आली तर हे दोन्ही नंतर करा. त्यांनी ट्रान्झॅक्शन नंबर, वेळ, बँक विचारून तक्रार घेतली, स्क्रीनशॉट काढून ठेवलेले होते म्हणून बरं. शेवटचे ७,९९० होल्ड झालेत असं सांगितलं, पण हातात अजून आलेले नाहीत, कोर्टाची ऑर्डर वगैरे लागते म्हणे. आधीचे दोन्ही व्यवहार कधीच पुढच्या खात्यात सरकले होते.

त्याच रात्री ग्रुपची मेंबर लिस्ट उघडून एकेकाला मेसेज टाकायला लागले. सातपूरची एक मुलगी, नाशिक रोडचं एक जोडपं, तिघांचंही सेम झालेलं. पाचवा मेसेज टाकेपर्यंत मला ग्रुपमधून काढलं. म्हणजे लिस्टमधली निम्मी माणसं त्यांचीच असणार.

आता कोणी ट्रेकचं म्हटलं की मी आधी विचारते, त्या दिवशी जागा उघडी आहे का? वन विभाग पावसाळ्यात कधी काय बंद करेल सांगता येत नाही, त्यामुळे पेपरला बघते, नाहीतर त्र्यंबकच्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला फोन करते. बसचा नंबर मागते. आणि गाडीत बसल्यावर पैसे देऊ म्हणून बघते, खऱ्या माणसाला थोडाफार अॅडव्हान्स चालतो, यांना सगळेच आधी लागतात.

परवा भाचीने स्क्रीनशॉट पाठवला. तोच छत्रीवाला फोटो, खाली लिहिलंय "पहिने नेकलेस फॉल", ग्रुपचं नाव वेगळं, आणि आता ८९९.