चुकांची वही अँकीत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सराव परीक्षेत चुकलेले प्रश्न वहीत उतरवणारे पुष्कळ असतात, पण ती वही पुन्हा उघडली जात नाही. अँकी या प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून उजळणी करून घेणाऱ्या ॲपचा खरा फायदा इथे आहे: कोणतं कार्ड कोणत्या दिवशी समोर आणायचं ते ॲपच ठरवतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं.

समजुतीच्या चुकांसाठी हे साधन उत्तम आहे. घाईच्या चुकांसाठी जवळपास निरुपयोगी.

सगळी मदार कार्ड कसं लिहिलंय यावर. 'टक्केवारी नीट बघायची' हे कार्ड नव्हे, ती स्वतःला दिलेली ताकीद झाली. कार्डावर प्रश्नच हवा: 100 ही संख्या 20 टक्क्यांनी वाढवली, मग आलेली संख्या 20 टक्क्यांनी कमी केली, तर किती उरतील? मागे तीन ओळी. उत्तर 96. कारण, दुसरे 20 टक्के 120 चे आहेत. आणि आधी काय वाटलं होतं: वाढ-घट सारखी, म्हणजे पुन्हा 100. ही तिसरी ओळ बहुतेक जण गाळतात, आणि तीच सर्वांत मोलाची, कारण चुकीची वाट ओळखता आली तरच ती टाळता येते. एकच प्रश्न ठेवला तर थोड्याच दिवसांत 96 हा आकडाच पाठ होतो. म्हणून 30 टक्क्यांचं (91) आणि 10 टक्क्यांचं (99) अशी आणखी दोन कार्डं करावीत.

सराव परीक्षेची उत्तरं तपासण्याआधी ज्यांची पक्की खात्री आहे त्यांच्यापुढे खूण करून ठेवा. खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं की दुरुस्ती जास्त चांगली लक्षात राहते, हे बटरफिल्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दाखवलं. पण पुढच्या संशोधनात असंही दिसलं की आठवड्याभराने बरोबर उत्तर विसरलं, तर तीच जुनी खात्रीची चूक परत डोकं वर काढते. त्यामुळे खूण केलेल्या चुकांची कार्डं त्याच दिवशी बनवा.

सेटिंगमध्ये रोजची नवी कार्डं 20 असतात, चुकांसाठी 5 पुरेत; नाहीतर उजळणीचा ढीग साचतो. उजळणीत उत्तर आठवलं नाही तर 'अगेन' हेच बटण दाबा. 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवलं. विसरलेल्या कार्डावर 'हार्ड' दाबत राहिलं की ॲपचा अंदाज बिघडतो आणि कच्ची कार्डं लांबच्या तारखेला जातात. शिकून झालेलं कार्ड पुढे 8 वेळा विसरलं की अँकी त्यावर 'लीच', म्हणजे फुकट वेळ खाणारं कार्ड, अशी खूण करतं; सेटिंग तसं असेल तर ते बाजूलाही काढतं. ते तसंच चालू ठेवू नका. बहुतेकदा त्यात दोन प्रश्न एकत्र कोंबलेले असतात. ते फोडून दोन कार्डं करा.

घाईच्या चुका, म्हणजे चिन्ह उलटं, एकक चुकलं, प्रश्नातला 'नाही' वाचायचाच राहिला, या मात्र कागदावर. चार-पाच ओळींची यादी, आणि पेपर संपताना 5 मिनिटं राखून प्रत्येक उत्तर त्या यादीवरून तपासायचं.