बीटबॉक्स लढतीचा निवेदक: गर्दी पेटवणारा की मागे राहणारा?
बीटबॉक्स म्हणजे तोंडाने तालवाद्यांचे आवाज काढण्याची कला. ग्रँड बीटबॉक्स बॅटलसारख्या स्पर्धेतील एकास एक लढतीत दोन्ही स्पर्धकांना दीड मिनिटाच्या दोन-दोन फेऱ्या आळीपाळीने मिळतात, आणि मधल्या क्षणांचा ताबा निवेदकाकडे असतो. गर्दी पेटवणारा निवेदक सभागृह तापते ठेवतो. प्राथमिक फेऱ्यांत, जिथे अनेक नावे प्रेक्षकांना अपरिचित असतात, त्याची ऊर्जा नवख्या कलाकाराला खरोखर आधार देते. मात्र फेरी चालू असताना तो माइकवर ओरडला, तर घशातून काढलेला खोल बेस आणि ओठांचे बारीक आघात त्याच्या आवाजाखाली दबतात, आणि परीक्षक ज्या स्वच्छतेला, सुरेलतेला व मौलिकतेला गुण देतात तीच ऐकू येईनाशी होते. मागे राहणारा निवेदक नाव, क्रम आणि निकाल एवढेच स्पष्ट सांगतो. अंतिम लढतीसाठी मला तोच निःसंशय श्रेष्ठ वाटतो, कारण प्रतिस्पर्ध्याच्या ड्रॉपला (ताण वाढवत नेऊन अचानक सोडलेल्या जोरदार तालाला) तत्काळ दिलेले उत्तर हाच बॅटलचा प्राण आहे आणि लांबलेले निवेदन त्या उत्तराची धार बोथट करते. लूपस्टेशन (तोंडाचे आवाज जागीच मुद्रित करून पुन्हा पुन्हा वाजवणारे यंत्र) विभागात मात्र यंत्राची मांडणी होईपर्यंत वेळ जातो, त्यामुळे तिथे बोलका निवेदकच हवा.