पंप-मिक्स इम्पेलर घ्यावा की पंप वेगळा, मिक्सर वेगळा?

मिक्सर-सेटलर, म्हणजे तांब्याचं पाणी आणि तांबं ओढून घेणारं तेलकट द्रव (ऑरगॅनिक) मिक्सरमध्ये ढवळायचं आणि सेटलरमध्ये थर वेगळे होऊ द्यायचे, अशी एकेक जोडी म्हणजे एक स्टेज. तो नवीन लावत असाल तर हा प्रश्न येतोच, म्हणून जे भोगलं ते लिहून राहिलो. आमचं छोटं युनिट बुटीबोरीत, तांब्याचं, आणि मी दोन्ही प्रकार चालवलेत.

पंप-मिक्स कागदावर फारच गोड वाटतो. एकच इम्पेलर खालच्या भोकातून दोन्ही लिक्विड ओढतो आणि ढवळतोही, मधे पंप नाही, सीलची कटकट नाही, सगळे सेटलर एकाच लेव्हलला बसतात. मोठ्या प्लांटमध्ये हाच लावतात ते उगाच नाही. फक्त ओढणं आणि ढवळणं एकाच आरपीएमला बांधलेलं. फ्लो कमी पडला म्हणून स्पीड 20 टक्के वाढवला तर हेड (पंपाचा जोर) 44 टक्के वाढतो पण पॉवर 73 टक्के, आणि त्यातली बरीच थेंब बारीक करण्यात जाते. मग सेटलरमध्ये ते सुटता सुटत नाहीत, त्यात डिसेंबरची सकाळ असली तर विचारूच नका.

तेही चालवून घेतलं असतं, पण मला वैताग आणला तो लाईट गेल्यावर. राफिनेट (तांबं काढून उरलेलं पाणी) बाहेर पडतं ती स्टेज आम्ही ऑरगॅनिक कंटिन्युअस ठेवतो, म्हणजे सलग ऑरगॅनिक आणि त्यात पाण्याचे थेंब, म्हणजे राफिनेटसोबत ऑरगॅनिक कमी जातं. लाईट गेली की मिक्सरमध्ये दोन थर, पाणी खाली, आणि पंप-मिक्सचा पंखा तळाशी म्हणजे नेमका पाण्यात. सुरू करताना पंखा ज्यात बुडालेला असतो तीच फेज (थर) बहुतेक कंटिन्युअस होते, झालं, पलटी. बरं, आधी ऑरगॅनिक भरून घेऊ म्हटलं तर ते आणणारा पंप म्हणजे हाच इम्पेलर! कंडक्टिव्हिटीचा प्रोब आत सोडून बसायचं, आकडा चढला की समजायचं पाणी कंटिन्युअस झालं, आणि तोवर राफिनेटच्या टाकीवर तर्रीसारखा तवंग. पावसाळ्यात एका रात्री तीनदा केलंय बाप्पा हे.

दुसऱ्या लाईनला पंप वेगळा ठेवला. स्टेज पायरीपायरीने बसवल्या, ऑरगॅनिक उतारावरून येतं, पंप फक्त पाण्याला. मिक्सरमध्ये मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा, आणि तो तळाशीच हवा अशी सक्ती नाही, म्हणून अर्ध्याच्या थोडा वर टाकला. आमचं ऑरगॅनिक-पाणी 1:1, त्यामुळे बंद पडला तरी पंखा ऑरगॅनिकमध्येच राहतो. आधी तो फिरवायचा, मग पाण्याचा पंप. सील बदलावे लागतात, सिव्हिलचा खर्चही जास्त झाला, ते खोटं कशाला बोलू.

तुमचा प्लांट मोठा असेल, डीजी (डिझेल जनरेटर) लगेच लोड घेत असेल तर पंप-मिक्स कदाचित बराच. चार-सहा स्टेजचं काम असेल तर मी तरी परत तिकडे जाणार नाही. तरीही घेतलाच तर सेटलरमधून ऑरगॅनिक रिसायकलची लाईन, तिच्या स्वतःच्या पंपासकट, पहिल्याच दिवशी टाकून घ्या, नंतर टाकायची तर अख्खा सेटलर रिकामा करावा लागतो.